२०११ ची ३७०झेड सोलापुरात सांभाळायची म्हणजे

प्रश्न: दादा नमस्कार. मी होटगी रोडला राहतो, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा घरचा कारखाना आहे. वय ३१. शाळेपासून जपानी स्पोर्ट्स कारचं वेड आहे. पुण्यात एक निस्सान ३७०झेड बघितलीय, मॅन्युअल गिअर, कंपनीनेच इथे विकलेली, नोंदणी नोव्हेंबर २०११ ची, ४८ हजार किलोमीटर, मी तिसरा मालक होईन. २२ लाख मागतायत, तेवढे कसेबसे जमतील. घरची स्विफ्ट राहणारच आहे. विकणारा डीलर म्हणतो जपानी गाडी आहे, ऑइल बदलत राहा, काही होत नाही. बाबा म्हणतात पार्ट मिळणार नाहीत, दारात उभी राहील. वर्षाला किती खर्च धरू? सोलापुरात हिचं काम कोण करणार? आणि एका मित्राने साऊथमधली एक जुनी निस्सान स्कायलाईन सांगितलीय, थोडी स्वस्त पण आहे, समोरचा म्हणतो पेपर बनवून देतो. ते बघू का?

भावा, आधी ती स्कायलाईन डोक्यातून काढून टाक, मग झेडचं बोलू.

आपल्याकडे वापरलेली गाडी बाहेरून आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली पाहिजे, राईट हँड ड्राईव्ह पाहिजे, आणि वर ड्युटी एवढी लागते की गाडीची किंमत दुपटीच्या पुढे जाते. वीस-पंचवीस वर्षं जुनी स्कायलाईन आज कोणी आणतो म्हणाला तर ती या नियमात बसतच नाही. मग ती इथे कशी आली? बऱ्याचदा कार्नेवर आलेली असते, म्हणजे काही महिने फिरवून परत न्यायच्या अटीवर ड्युटी न भरता सोडलेली, आणि मग परत गेलीच नाही. नाहीतर दुसऱ्या देशातून चोरवाटेने येते आणि लांबच्या कुठल्यातरी आरटीओत कागद तयार होतात. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये केरळात कस्टम्सने भूतानमार्गे आलेल्या अशाच गाड्या धरल्या, ऑपरेशन नुमखोर म्हणून बातम्या आल्या होत्या, मोठमोठ्या लोकांच्या दारातून गाड्या उचलल्या. लक्षात घे, गाडी ज्याच्या दारात असते तिथून उचलतात, कागद बनवून देणारा तोवर फोन उचलायचा बंद झालेला असतो. पेपर बनवून देतो हे वाक्य ज्याने म्हटलं त्याच्याशी पुढचं बोलणंच नको.

आता झेड. ही गाडी निस्सानने स्वतः इथे आणून विकली, त्यामुळे इथलं बिल आहे, इथली नोंदणी आहे, आणि हीच हिची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. बाबा म्हणतात ते पार्ट मिळणार नाहीत हे काही पूर्ण खरं नाही, पार्ट मिळतात, फक्त ते इथे नसतात. आणि डीलर म्हणतो ते काही होत नाही हे तर अजिबात खरं नाही. इंजिन दणकट आहे, ३.७ लिटरचं व्ही६, व्हीक्यू ३७, टायमिंग बेल्ट नाही चेन आहे, नीट ऑइल मिळालं तर वर्षानुवर्षं चालतं. पण त्याच्या आजूबाजूला चार-पाच जागा अशा आहेत की ज्या जवळपास प्रत्येक ३७०झेडवाल्याला कधी ना कधी खर्चात टाकतात. १५ वर्षांच्या गाडीत त्या झालेल्या तरी असतात नाहीतर तुझ्या नशिबात यायच्या असतात. त्यामुळे ४८ हजार किमी या आकड्यावर खूश होऊ नकोस. रबर, प्लास्टिक, सील, होजपाईप हे किलोमीटरने नाही, वर्षांनी म्हातारे होतात.

पहिली जागा क्लच. मॅन्युअल झेडमध्ये क्लच दाबणारा जो स्लेव्ह सिलिंडर आहे तो बाहेर नाही, गिअरबॉक्सच्या आत शाफ्टभोवती बसवलाय आणि त्याची बॉडी प्लास्टिकची आहे. तो लीक झाला की एक दिवस पेडल खाली जातं आणि वर येतच नाही, तू सात रस्त्याच्या सिग्नलला असशील नाहीतर टेंभुर्णीच्या पुढे हायवेला, गाडी तिथेच थांबणार. पार्ट स्वतः फार महाग नाही, पण तो बदलायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि एवढा उघडलाच आहे तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, मागचा मेन सील हे सगळं त्याच वेळी करायचं असतं, नाहीतर सहा महिन्यांनी तीच मजुरी परत. फ्लायव्हील डबल मासचं आहे, ते खराब निघालं तर बिल एकदम वर जातं. सगळं मिळून मी दीड ते दोन लाख धरतो, फ्लायव्हील वाचलं तर लाख-सव्वा लाखात आटपेल. बदलताना परत प्लास्टिकचा नको घालूस, बाजारात ॲल्युमिनियमच्या बॉडीचा मिळतो, तो घाल. ओळख आधीच पटते, बॉनेटखाली क्लचच्या फ्लुइडची छोटी डबी आहे ती उघडून बघ, आतलं काळं पडलं असेल तर सील झिजायला लागलंय असं समज.

दुसरी जागा इंजिनच्या पुढच्या कव्हरमागची ऑइल गॅलरीची, म्हणजे इंजिनात ऑइल फिरवणाऱ्या वाटेची, गास्केट. सुरुवातीच्या वर्षांच्या गाड्यांत ही कागदी टाईपची होती, ती फुटते, ऑइल आतल्या आतच गळतं आणि प्रेशर पडतं. बाहेर जमिनीवर थेंब पण दिसत नाही. या गाडीत ऑइलचं तापमान दाखवणारा काटा आहे पण प्रेशरचा काटा नाही, त्यामुळे ड्रायव्हरला कळायला वाव कमी. बरेचदा आधी इंजिन लाईट येते आणि स्कॅनरवर कॅम टायमिंगचे कोड दिसतात, पी००११ किंवा पी००२१. इथे फसवणूक कशी होते ते सांगतो, कोड पुसून गाडी दाखवतात, तू थंड इंजिनवर दहा मिनिटं फिरवतोस, सगळं गोड वाटतं. गास्केट काही हजारांत मिळते, आता धातूची येते, पण तिथपर्यंत जायला पुढचं सगळं उघडावं लागतं, टायमिंग कव्हर काढावं लागतं, आणि हे काम घाईत केलं तर सीलिंग परत गळतं. वॉटर पंप पण याच कव्हरमागे चेनवर चालतो, तोही त्याच दिवशी बदलून टाकायचा. पार्ट स्वस्त, मजुरी महाग, एकूण ८० हजार ते सव्वा लाख धर. विकणाऱ्याकडे हे काम झाल्याचं बिल असेल तर मी त्या गाडीला लाखभर रुपये जास्त द्यायला तयार होईन, हे मनापासून सांगतो.

तिसरी, स्टिअरिंग लॉक. साधारण २००९ ते २०११ च्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक स्टिअरिंग लॉकचं मॉड्यूल दगा देतं, बटण दाबलं तरी गाडी चालू होत नाही, चावीचा पिवळा दिवा लागतो. तुझी गाडी बरोबर त्याच वर्षांतली आहे. विचार, हे बदललंय का, बिल आहे का. आणि दोन्ही चाव्या हातात घेऊनच व्यवहार कर, एक हरवली सांगतील तर नवीन चावी आणि प्रोग्रॅमिंगचे पैसे कापून घे.

चौथी गोष्ट ऊन. हे खास आपल्यासाठी. या गाडीचं ऑइल लवकर तापतं हे जगभरच्या झेडवाल्यांना माहीत आहे, सुरुवातीच्या मॉडेलला ऑइल कूलर नव्हता, आणि ऑइल १४० डिग्रीच्या आसपास गेलं की गाडी स्वतःच आरपीएम कमी करून टाकते. थंड देशातला माणूस ट्रॅकवर नेतो तेव्हा त्याला हे दिसतं, सोलापुरात एप्रिल-मे मध्ये ४२-४३ डिग्रीत विजापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून रांगत असशील तर तुला काट्यावर लक्ष ठेवावंच लागेल. आधी कोणी थर्मोस्टॅटवाला ऑइल कूलर बसवला असेल तर चांगलंच, नसेल तर पहिल्या उन्हाळ्याआधी बसव, ४०-५० हजारांचं काम आहे. रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्या आणि होज पण त्याच वेळी बघून घ्यायचे, १५ उन्हाळे खाल्लेलं प्लास्टिक बोटाने दाबलं तरी कळतं.

ऑइल-फिल्टरचं मात्र सोपं आहे. पाच लिटरच्या आसपास ५डब्ल्यू-३० चांगलं सिंथेटिक लागतं, ऑइल फिल्टर निस्सानच्या बऱ्याच गाड्यांना बसतो तोच आहे, एअर फिल्टर दोन लागतात, प्लग सहा. माझं म्हणणं, किमी कितीही कमी झालं तरी सहा महिने किंवा पाच हजार, जे आधी येईल तेव्हा ऑइल बदल, आणि ब्रेक-क्लचचं फ्लुइड दरवर्षी. डुप्लिकेट फिल्टर आणि डुप्लिकेट प्लग बाजारात लई आहेत, शंभर-दोनशे रुपयांसाठी या इंजिनात तसलं काही घालू नकोस.

टायर. १९ इंची चाकं असतील तर पुढे २४५/४० आणि मागे २७५/३५, म्हणजे पुढची मागे टाकून झीज सारखी करायची सोयच नाही, मागचे दोन लवकर जातात आणि ते जोडीनेच बदलायचे. ही साईज सोलापुरात दुकानात ठेवलेली मिळणार नाही, पुण्या-मुंबईहून मागवावी लागते, चार टायर मिळून सव्वा ते दीड लाख धर. गाडी बघायला जाशील तेव्हा टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, ती वाच. नक्षी भरपूर शिल्लक आहे पण टायर २०१७ चे आहेत असं झालं तर ते टायर संपलेलेच धर आणि किमतीतून वजा कर. सव्वातीनशे बीएचपी मागच्या चाकांवर जाणारी गाडी आहे, कडक झालेल्या टायरवर पहिल्या पावसात काय होईल याचा विचार कर. व्हॉल्वमधले प्रेशर सेन्सर पण जुने झाले असतील, त्यांची बॅटरी आतच सीलबंद असते, टायर काढलेच आहेत तर बदलून घ्यायचे.

आता पार्टचं गणित, कारण बाबांची खरी भीती हीच आहे आणि ती भीती मला रास्त वाटते. ३७०झेडचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं. पण हेच इंजिन इन्फिनिटी जी३७ ला होतं, जपानमधल्या स्कायलाईन ३७०जीटीला होतं, त्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शनचे बरेच पार्ट जुळतात आणि जगात भरपूर पडलेत. दुबई-शारजात या गाड्या खूप आहेत, तिथून नवे-जुने दोन्ही निघतात. अडचण तिथे येते जिथे राईट हँड-लेफ्ट हँडचा फरक आहे, स्टिअरिंग रॅक, डॅशबोर्ड, हेडलाईटचा झोत पडायची बाजू, वायपरची यंत्रणा, पेडलजवळचे भाग. हे दुबईचे चालत नाहीत, ते जपान, इंग्लंड नाहीतर ऑस्ट्रेलियातूनच आणावे लागतात. जपानमध्ये ही गाडी फेअरलेडी झेड नावाने विकली गेली, झेड३४ म्हणून शोधायची. कधीही नावाने पार्ट मागवू नको, चॅसिस नंबर टाकून पार्ट नंबर काढ, तो नंबर बदलून नवा आलाय का ते बघ, मग पैसे भर. आणि त्याच नंबरची निस्सानच्या डीलरकडे पण लेखी चौकशी कर, कधीकधी ते मागवून देतात आणि कस्टम्सची कटकट तुझ्या डोक्यावर येत नाही.

कस्टम्सची ड्युटी नुसत्या पार्टच्या किमतीवर लागत नाही, पार्ट अधिक भाडं अधिक इन्शुरन्स या एकूण रकमेवर लागते, त्यावर सरचार्ज, आणि मग या सगळ्यावर आयजीएसटी. मी सरळ दीडपट धरतो, म्हणजे तिकडे २० हजाराचा पार्ट भाड्यासकट २४ ला पडला तर घरपोच ३६. छोट्या जड पार्टला हे चालून जातं. पण बंपर, बॉनेट, पुढची काच असलं काही असेल तर कुरियरवाला वजन नाही खोक्याचा आकार धरतो आणि भाडंच पार्टपेक्षा जास्त होतं. म्हणून या गाडीत मला इंजिनपेक्षा बॉडीची भीती जास्त वाटते. एक झेनॉन हेडलाईट फुटला तर लाख-सव्वा लाख, आणि पैसे असून पण दोन महिने वाट बघायची. आपल्या शहरातल्याच एका इम्पोर्टेड कूपेवाल्याची गाडी एका छोट्या सेन्सरपायी अख्खा पावसाळा ताडपत्रीखाली होती, पार्ट आला, चुकीचा निघाला, परत गेला, परत मागवला. त्याच्याकडे पैसे होते. नव्हती ती दुसरी गाडी, रोज रिक्षाने कारखान्यावर जायचा. तुझ्याकडे स्विफ्ट आहे हे तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य आहे. ती विकायचा विचार पुढे कधीही करू नकोस.

वाट बघायचे दिवस कमी करायचा एकच मार्ग मला दिसतो, मोडायच्या आधी पार्ट घरात आणून ठेवायचे. गाडी घेतल्या घेतल्या एकदाच मोठी ऑर्डर कर: स्लेव्ह सिलिंडर, पुढच्या बाजूचे बेल्ट, कूलंटचे होज, गॅलरी गास्केटचा सेट, प्लग, चार-पाच ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड. सगळं एका खोक्यात आलं की भाडं वाटलं जातं आणि लाखाच्या आत बसतं. कारखान्यात एक कपाट देऊन टाक. मिस्त्रीच्या हातात पार्ट असला तर गाडी दोन दिवसात रस्त्यावर येते.

सोलापुरात कोण करेल? खरं सांगू, हात आपल्याकडे चांगले आहेत. सस्पेन्शन, ब्रेक, ऑइल, कूलंट, बुश, एसी, हे आपल्याकडचा कुठलाही मन लावून काम करणारा मिस्त्री करेल, फक्त त्याला सर्व्हिस मॅन्युअलमधली टॉर्कची पानं छापून दे आणि घाई करू नकोस. बुश आणि आर्म तर आपल्या रस्त्यांवर जाणारच आहेत. पण क्लच आणि टायमिंग कव्हर ही दोन कामं जिथे टू-पोस्ट लिफ्ट आहे, गिअरबॉक्स जॅक आहे, निस्सानचा स्कॅनर आहे आणि ज्यांनी आधी व्हीक्यू इंजिन उघडलंय तिथेच कर, म्हणजे पुणे, मुंबई किंवा हैदराबाद. पुणे आपल्यापासून २५० किमी, गाडी बंद पडली तर फ्लॅटबेडवरच न्यायची, हुक लावून ओढली तर पुढचा बंपर तिथेच गेला समज. फ्लॅटबेडवाल्याचा नंबर आणि त्याचा दर आधीच विचारून ठेव, रात्री दोन वाजता मोहोळजवळ उभं राहून घासाघीस होत नाही. गाडी जमिनीपासून सव्वाशे मिलिमीटरच्या आसपास आहे, आपल्या गल्लीबोळातले हाताने केलेले गतिरोधक तुला माहीतच आहेत. घरापासून कारखान्यापर्यंतचा रस्ता आधी स्विफ्टने या नजरेने फिरून बघ, कुठे घासेल ते मोज, आणि गड्डा यात्रेच्या दिवसांत तर गाडी बाहेरच काढू नकोस, गर्दीत कोणाची तरी मोटारसायकल टेकली तर त्या ओरखड्याचा रंग जुळवायला पुण्याला जावं लागेल.

पेट्रोलचं पण बोलतो कारण हे लोक विसरतात. गाडी हाय ऑक्टेन मागते, आणि कंपनीने हिला १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल असं सांगितलंय. आता पंपावर सगळीकडे ई२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. ९५ ऑक्टेनचं पेट्रोल घेतलंस तरी ऑक्टेन वाढतो, इथेनॉल कमी होतं असं समजू नकोस. एकदा टाकी भरली आणि पेट्रोल संपेपर्यंत गाडी लगेच फिरवली तर मला फार काळजी वाटत नाही. काळजी उभ्या गाडीची आहे, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुन्या रबरी होजना आणि पंपाला ते सोसत नाही. टाकी ७२ लिटरची आहे, ती फुल करून दोन महिने ताडपत्री टाकून ठेवायची नाही. थोडं थोडं भर, आठवड्याला एकदा तुळजापूरपर्यंत नीट गरम होईस्तोवर चालव, आणि इंधनाचे होज एकदा नवे इथेनॉल सोसणारे टाकून घे. ॲव्हरेज गावात सहा-सात, हायवेला दहा-अकरा धर.

आता कागद, आणि यातला पहिला मुद्दा मला पत्र वाचल्या वाचल्या दिसला. नोंदणी नोव्हेंबर २०११ म्हणजे यंदा नोव्हेंबरमध्ये १५ वर्षं पूर्ण. आरसीची मुदत संपते, फॉर्म २५ भरून गाडी दाखवून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. साध्या कारला याची फी ५ हजार आहे, पण आरसीवर गाडी इम्पोर्टेड लागलेली असेल तर एप्रिल २०२२ पासून ती ४० हजार झालीय. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांची फी अजून वाढवली, इम्पोर्टेड चारचाकीला ८० हजार, म्हणजे २०३१ साली तुला तो आकडा लागेल. पर्यावरण कर वेगळा. पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तपासणी, आधीच्या मालकाने मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट लावलेला असेल, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकलेला असेल, तर पास करताना अडतं आणि मूळ एक्झॉस्ट शोधत तू जपानला फोन लावत बसशील. माझ्या मते विकणारा आत्ता विकतोय याचं एक कारण हे नोव्हेंबर असू शकतं. म्हणून अट अशी घाल की नूतनीकरण त्यानेच त्याच्या नावावर करून द्यायचं, मग तू घ्यायची. नाही म्हणाला तर मूळ एक्झॉस्ट आणि कन्व्हर्टर आहेत का ते लिफ्टवर बघून, फी आणि कटकटीचे मिळून लाखभर तरी किमतीतून काढायचे. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर मात्र सरळ सोड, इम्पोर्टेड गाडीचा महाराष्ट्रातला रोड टॅक्स २० टक्क्यांपर्यंत जातो, वयाची सूट मिळून पण तो झेपणार नाही. एमएच पासिंगची असेल तर एमएच-१३ च्या आरटीओत नावावर करायला त्रास नाही. परिवहनच्या साईटवर नंबर टाकून कर्ज, चलन, ब्लॅकलिस्ट बघणं तर करशीलच.

इन्शुरन्समध्ये थर्ड पार्टी १५०० सीसीच्या वरच्या कारला ७,८९७ रुपये ठरलेलं आहे, त्यावर जीएसटी. ओन डॅमेजचं, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचं, कोटेशन दोन-तीन ठिकाणांहून घे. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता, ती कमी करून प्रीमियम वाचवू नकोस. एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, सहसा देत नाहीत, आणि साध्या पॉलिसीत प्लास्टिक-रबराच्या पार्टवर ५० टक्के कापतात, दहा वर्षांवरच्या गाडीत धातूच्या पार्टवर पण ५० टक्के. म्हणजे बंपर फुटला तर निम्मे तुझेच.

तर तुझा मुख्य प्रश्न, वर्षाला किती. महिन्याला चार-पाचशे किमी चालवशील असं धरून, काही मोठं न मोडता, इन्शुरन्स, दोनदा ऑइल, फ्लुइड, टायरची बाजूला ठेवायची रक्कम, किरकोळ बुश-बेअरिंग, पेट्रोल, हे सगळं मिळून मी दोन ते सव्वादोन लाख धरतो. आणि याच्यावर पहिल्या वर्षाचे वेगळे चार लाख बँकेत हवेत, कारण मागच्या दोन मालकांनी टाळलेलं काम पहिल्या वर्षात तुझ्यावर येतं, क्लच, गास्केट, कूलर, टायर यातलं निदान दोन तरी. दुसऱ्या वर्षापासून दोन लाख राखीव पुरतील. तुझ्याकडे एकूण २२ लाखच असतील, तर तुझी गाडी १७-१८ लाखांची आहे, २२ ची नाही. हे मला फार कळकळीने सांगायचंय. धंद्यात सुताचे भाव वर गेले, पेमेंट अडकलं, अशा महिन्यात नेमका क्लच गेला की माणूस कारखान्याच्या कॅश क्रेडिटमधून गाडीला पैसे लावतो आणि मग घरात जी भांडणं होतात ती गाडी विकूनही मिटत नाहीत. बाबांना पार्ट मिळतात हे पटवत बसू नकोस, त्यांना हा चार लाखांचा वेगळा एफडी दाखव, मला वाटतं त्यांचा विरोध निम्मा तिथेच संपेल.

१८ लाखांत ही गाडी मिळेल का? क्लच आणि गास्केटची बिलं नसतील, टायर जुने असतील आणि नूतनीकरण बाकी असेल, तर हा आकडा मागायला तुला काहीही संकोच वाटायचं कारण नाही. तो नाही म्हणाला तर थांब. उलट कोणाकडे २२-२३ ची असेल पण ही सगळी कामं झालेली बिलांसकट, नूतनीकरण झालेलं, तर ती मला या गाडीपेक्षा स्वस्त वाटेल, फक्त त्यासाठी अजून वर्षभर पैसे साठवायला लागतील. तू ३१ चा आहेस, वर्षाने काही बिघडत नाही.

बघायला जाशील तेव्हा सकाळी जा आणि आधीच सांगून ठेव की मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. बॉनेटवर हात ठेव, थंड आहे का बघ, मग चालू कर आणि पहिली दहा सेकंद पुढच्या बाजूने चेनचा खडखडाट येतो का ऐक. स्वतःचा स्कॅनर ने, चालवायच्या आधी कोड बघ, पाऊण तास चालवून ऑइल पूर्ण तापल्यावर परत बघ. स्कॅनरवर रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच्या ज्या तपासण्या करते त्या, पूर्ण झालेल्या नसतील तर कोड नुकतेच पुसलेत. क्लच वीस-पंचवीस वेळा पूर्ण दाबून सोड, पेडल कधी आळसाने वर आलं तर समजून जा. मग लिफ्टवर चढवून खालून फोटो काढ, गिअरबॉक्स आणि इंजिनच्या सांध्याचे जवळून. ते फोटो, आरसीच्या दोन्ही बाजू आणि असतील तेवढी सर्व्हिसची बिलं मला पाठव. ते बघितल्याशिवाय टोकन देऊ नकोस, डीलर कितीही म्हणाला की संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय तरी.